नूतनीकरणाचे गुण आणि डब्यात पडून राहिलेली यंत्रे

प्रश्न

सप्रेम नमस्कार. मी ऑडिओलॉजी आणि स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजीची (श्रवण आणि वाचा-भाषा उपचारांची) पदवीधर असून गेली सात वर्षे परभणीत श्रवणयंत्रांचे छोटे केंद्र चालवते. भारतीय पुनर्वास परिषदेकडील माझ्या नोंदणीचे नूतनीकरण पुढच्या वर्षी आहे आणि पाच वर्षांत मान्यताप्राप्त प्रशिक्षणांतून मिळवायच्या १०० गुणांपैकी बरेच गुण अजून कमी पडतात. मान्यताप्राप्त कार्यक्रम बहुतेक मुंबई-पुण्याकडे किंवा म्हैसूरला असतात आणि केंद्र बंद ठेवून जाणे परवडत नाही. एका व्यवसायबंधूने सुचवले आहे की, ऑनलाइन कार्यक्रमाला नाव नोंदवावे, मोबाईल सुरू ठेवावा आणि आपले काम करत राहावे, गुण मिळतातच. यंत्रांच्या कंपन्यांची मोफत प्रशिक्षणे छत्रपती संभाजीनगरच्या हॉटेलांत होतात, तीच पुरेशी नाहीत का, असेही वाटते. खरे सांगायचे तर मी शिकले तेव्हाची यंत्रे आणि आताची यंत्रे यांत इतका फरक पडला आहे की मनात धास्ती असते, पण नेमके काय शिकावे हे ठरत नाही. शेवटचा प्रश्न माझ्या सहायकाविषयी आहे. तो बारावी उत्तीर्ण आहे, त्याच्या हाताला चांगली कारागिरी आहे आणि जिंतूर, गंगाखेडच्या शिबिरांत मी नसते तेव्हा यंत्रे तोच बसवतो. त्याला कोणते प्रशिक्षण द्यावे?

एक वाचक, परभणी

उत्तर

सप्रेम नमस्कार. तुमच्या पत्रातील धास्तीचे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण ज्याला आपण मागे पडल्याची जाणीव आहे त्यालाच शिकवता येते. मात्र त्याआधी व्यवसायबंधूंच्या सूचनेबद्दल स्पष्ट बोलतो. मोबाईल सुरू ठेवून मिळवलेले गुण कागदावर भरतील, पण तसे करू नका. उपस्थितीचे प्रमाणपत्र म्हणजे आपण परिषदेला आणि परिषदेच्या मार्फत रुग्णांना लिहून दिलेला शब्द असतो आणि त्यावर तुमची सही असते. ते प्रमाणपत्र भिंतीवर लावाल तेव्हा समोर बसलेली आजी त्यावर विश्वास ठेवूनच आपला कान तुमच्या हाती देणार आहे.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. भारतीय पुनर्वास परिषद कायदा १९९२ चा असून त्याखाली केंद्रीय पुनर्वास नोंदवही ठेवली जाते. आपल्या क्षेत्रात काम करणाऱ्या पात्र व्यक्तीचे नाव त्या नोंदवहीत असणे बंधनकारक आहे आणि नोंद नसताना व्यवसाय केल्यास कलम १३ नुसार एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. नूतनीकरणासाठी वाटेल तो कार्यक्रम चालत नाही, परिषदेने आधी मान्यता दिलेलाच धरला जातो. म्हणून शुल्क भरण्यापूर्वी त्या कार्यक्रमाचा मान्यता क्रमांक मागून घ्या आणि प्रमाणपत्रांच्या प्रती एका फाइलीत वर्षवार लावून ठेवा. शेवटच्या तीन महिन्यांत धावपळ करून मिळेल तो कार्यक्रम गाठण्याची वेळ येते तेव्हाच माणूस मोबाईल सुरू ठेवण्याच्या मोहात पडतो. तुमच्याकडे अजून वर्ष आहे. आजच बसून वर्षभराची आखणी केलीत तर गुणांचा प्रश्न सुटेल.

काय शिकावे हा खरा प्रश्न आहे. कार्यक्रमांच्या यादीवरून विषय निवडू नका, आपल्या रुग्णांवरून निवडा. गेल्या दोन वर्षांत ज्यांना तुम्ही यंत्रे दिली त्यांची नोंदवही काढा आणि एकेकाला दूरध्वनी करा. "यंत्र कसे चालले आहे?" असे विचारू नका, कारण आपल्याकडची माणसे भिडस्त असतात आणि "चांगलंय ताई" म्हणून मोकळी होतात. "काल यंत्र किती वेळ कानात होते आणि काढले ते का?" असे विचारा. उत्तरे ऐकाल तशी लिहून ठेवा, त्यांचे तांत्रिक भाषेत रूपांतर करू नका. एक म्हणेल की मशीन लई शिट्टी मारते. दुसरा म्हणेल की आवाज येतो पण शब्द उमगत नाही. तिसऱ्याचे यंत्र कपाटातल्या डब्यात पडून असेल, कारण सेल आठवडाभरही पुरत नाही आणि तालुक्याला तो मिळत नाही. चौथ्याला स्वतःचाच आवाज घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा येत असेल.

या उत्तरांतून तुमचा अभ्यासक्रम तयार होतो. शिटीच्या तक्रारी जास्त असतील तर कानाचे माप घेणे, कानात घालायच्या साच्याची बसण, हवा खेळण्यासाठी साच्याला ठेवलेले वेंटचे छिद्र आणि आवाज आत नेणारी नळी हे विषय तुम्हाला पुन्हा शिकायचे आहेत. नळी कडक होऊन पिवळी पडली की साचा कितीही चांगला असला तरी काम बिघडते. स्वतःचा आवाज घुमत असेल तर बंद साचा, कानातील हाडाच्या भागापर्यंत पोहोचणारी त्याची लांबी आणि वेंट यांचा परस्परसंबंध समजून घ्यायचा आहे. सेलच्या तक्रारीचे कारण पुष्कळदा साधे निघते. आपण वापरतो ते झिंक-एअर सेल हवेतील ऑक्सिजनवर चालतात, त्यांवरचा चिकट कागद काढताच ते सुरू होतात आणि मग यंत्र बंद असले तरी संपत राहतात. परभणीच्या मे महिन्यातल्या कोरड्या उन्हात आतले द्रावण सुकते आणि सेल आणखी लवकर जातो. कागद काढल्यावर एक-दोन मिनिटे थांबून मग सेल बसवावा, पाकिटातल्या सगळ्या सेलचे कागद एकदम काढू नयेत, नारिंगी खूण १३ क्रमांकाची आणि निळी ६७५ ची, एवढे रुग्णाच्या सुनेला नीट दाखवले तरी डब्यातली काही यंत्रे कानात परत येतात.

पण "आवाज येतो, शब्द उमगत नाही" ही तक्रार तुमच्या यादीत सर्वांत वर असणार असे मला वाटते आणि तिच्यासाठी मी तुम्हाला एकच विषय आग्रहाने सुचवतो. प्रत्यक्ष कानातील मापन, म्हणजे रिअल इअर मेजरमेंट, शिका. पदवीच्या काळात ते एखाद्या प्रात्यक्षिकात पाहिले असेल. रोजच्या कामात ते किती जण करतात, हे आपण सगळे जाणतो.

समजा, सेलूकडचे पासष्टीचे शेतकरी समोर बसले आहेत. तुम्ही श्रवणालेख, म्हणजे श्रवणचाचणीचा आलेख, संगणकात भरता, कंपनीच्या सॉफ्टवेअरमधील पहिल्या जुळणीचे बटण दाबता आणि पडद्यावर लक्ष्यरेषा (आवाज किती वाढायला हवा ती) व यंत्राची रेषा अगदी एकमेकींवर बसलेल्या दिसतात. ती रेषा त्यांच्या कानात मोजलेली नसते. सरासरी कान गृहीत धरून सॉफ्टवेअरने बांधलेला तो अंदाज असतो. त्यांच्या कानाची लांबी, रुंदी, वळण, साच्याच्या कडेने निसटणारा आवाज यांतले काहीही त्याला ठाऊक नसते. अशा पहिल्या जुळणीत उच्च वारंवारितांचे, म्हणजे बारीक-तीक्ष्ण आवाजांचे, वर्धन (वाढ) लक्ष्यापेक्षा कमी पडते, हे अनेक अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. आणि स, श, च, फ यांसारख्या व्यंजनांची ओळख नेमकी त्याच पट्ट्यात असते. शेतकऱ्याला स्वर भरपूर ऐकू येतात, म्हणून आवाज येतो. व्यंजने निसटतात, म्हणून शब्द उमगत नाही.

मापन करताना सिलिकॉनची बारीक, मऊ नळी कानात सोडतात. तिच्यावरची खूण ट्रॅगसच्या, म्हणजे कानाच्या छिद्रासमोरच्या उंचवट्याच्या, खालच्या खाचेशी आणायची असते. प्रौढ स्त्रीसाठी साधारण २८ आणि पुरुषासाठी ३० मिलिमीटर लांबी धरतात, जेणेकरून टोक कानाच्या पडद्यापासून पाचेक मिलिमीटरच्या आत येते. टोक मागे राहिले तर उच्च वारंवारितांचे आकडे खोटेच कमी येतात आणि आपण नाहक वर्धन वाढवत बसतो. म्हणून नळी घालण्यापूर्वी आणि घातल्यावर ओटोस्कोपने, म्हणजे कानात पाहण्याच्या दुर्बिणीने, पाहायचे, मळ असेल तर आधी तो काढून घ्यायचा आणि साचा घालताना नळी सरकू द्यायची नाही. मग बोलण्यासारखा ध्वनी ६५ डेसिबलला ऐकवायचा, त्यानंतर हळू आणि मोठ्या पातळीवर, आणि एनएएल-एनएल२ किंवा डीएसएल या वर्धन ठरवणाऱ्या सूत्रांच्या लक्ष्याशी जुळेपर्यंत प्रत्येक पट्टा हलवायचा. हे पुस्तकातून येत नाही. पहिले काही कान कोणीतरी जाणकार शेजारी उभा असतानाच करावे लागतात, म्हणून या एका विषयासाठी मात्र ऑनलाइन कार्यक्रम न निवडता प्रत्यक्ष जा.

उपकरण काही लाखांच्या घरात जाते, हे मला माहीत आहे. साउंड फील्डमध्ये, म्हणजे खोलीतल्या स्पीकरमधून आवाज देऊन, यंत्र लावून आणि न लावता श्रवणपातळी मोजण्याची आपली जुनी रीत त्याची जागा घेऊ शकत नाही. ती फक्त सर्वांत हळू आवाजाबद्दल सांगते, तर आजची यंत्रे हळू आवाज जास्त आणि मोठा आवाज कमी वाढवतात, त्यामुळे नेहमीच्या बोलण्याच्या पातळीवर कानात काय पोहोचते ते त्या रीतीने कळत नाही. परभणी, जालना, हिंगोली अशा जवळच्या दोन-तीन केंद्रांनी मिळून एक उपकरण घेतले आणि आठवड्याचे दिवस वाटून घेतले तर खर्च आवाक्यात येईल, असे मला वाटते. तसे झाले नाही तरी शिका. एकदा मोजून पाहिलेला माणूस संगणकाच्या पडद्यावरच्या रेषेवर पूर्वीसारखा विसंबत नाही.

लहान मुले तुमच्याकडे येत असतील तर हे आणखी निकडीचे आहे. बाळाच्या कानाची पोकळी इतकी लहान असते की, यंत्रातून निघालेला तोच आवाज प्रौढाच्या कानापेक्षा तिथे काही वारंवारितांवर १० डेसिबलहूनही अधिक भरू शकतो. म्हणून मुलांच्या बाबतीत कानातील आणि कपलरमधील (यंत्र तपासायच्या प्रमाणित पोकळीतील) आवाजाचा फरक मोजून यंत्र बसवणे वेगळे शिकावे लागते. जन्मानंतर एक महिन्यात श्रवणाची चाळणी-तपासणी, तीन महिन्यांत निदान आणि सहा महिन्यांत उपचार, ही जगभर धरली जाणारी मर्यादा आपल्याकडे अजून दूर आहे, तरी सुरुवात तिथूनच करायला हवी. यंत्र बसवल्यावर आ, ई, ऊ, म, श, स हे डॅनियल लिंग या तज्ज्ञाच्या नावाने ओळखले जाणारे सहा ध्वनी आईला रोज तपासायला शिकवा आणि स चा निकाल काळजीने पाहा. आपल्या भाषेत "तो आला" आणि "तू आलास", "जेवली" आणि "जेवलीस" यांतला भेद एकट्या शेवटच्या स वर उभा आहे. ज्या मुलाला स ऐकू येत नाही त्याच्या कानावर हे व्याकरणच पडत नाही आणि पुढे शाळेत गुरुजी म्हणतात की पोराचे लक्ष नसते.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट आहे जी मुंबईच्या वर्गात कोणी शिकवणार नाही. बीड, परभणीकडची ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्या काळात बाळाचा कान वाढतो, साचा सैल होतो, यंत्र शिटी मारते, फडावरच्या झोपडीत ते काढून ठेवले जाते आणि शिकण्याचा मोलाचा हंगाम वाया जातो. दूरस्थ सेवेवरचा, म्हणजे टेलिऑडिओलॉजीवरचा, मान्यताप्राप्त कार्यक्रम मिळाला तर ऑनलाइन गुणांसाठी तोच निवडा. निघण्यापूर्वी नवे माप, एक जादा साचा, हंगामभर पुरतील एवढे सेल आणि आईच्या मोबाईलवर दर पंधरवड्याला व्हिडिओ कॉल, ही व्यवस्था कशी चालवायची, यंत्राची मांडणी (सेटिंग) दुरून कोणत्या मर्यादेत बदलता येते आणि कुठे प्रत्यक्ष भेटीवाचून इलाज नाही, हे त्यातून पद्धतशीर समजेल.

आता कंपन्यांच्या प्रशिक्षणाविषयी. तिथे अवश्य जा. नवे सॉफ्टवेअर, नवी चिप, यंत्र मोबाईलला जोडण्याची रीत हे तिथेच चांगले कळते आणि शिकवणारी तरुण मंडळी मेहनती असतात. पण तिथे विकणाराच शिकवत असतो, हे विसरू नका. एक उदाहरण देतो. यंत्र लावले नाही तर स्मृतिभ्रंश होईल, हे वाक्य अलीकडे अशा बैठकांतून आपल्या केंद्रांपर्यंत आणि केंद्रांतून घाबरलेल्या मुला-सुनांपर्यंत सहज पोहोचते. श्रवणदोष हा स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या जोखमींपैकी एक आहे, हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने आपल्या अहवालांत नोंदवलेले आहे. मात्र यंत्र दिल्याने ऱ्हास थांबतो का, हे तपासणाऱ्या अमेरिकेतील 'अचीव्ह' चाचणीत ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांना तीन वर्षे पाहिले गेले आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला तिचा मुख्य निकाल असा होता की एकूण गटात फरक दिसला नाही. आधीपासून जोखीम जास्त असलेल्या उपगटात मात्र बौद्धिक ऱ्हास ४८ टक्क्यांनी मंदावला. दोन्ही वाक्ये एकत्र सांगितली तर ते ज्ञान होते आणि दुसरे एकटे सांगितले तर ती भीती घालून केलेली विक्री होते. कंपनीच्या बैठकीतून परतल्यावर ऐकलेल्या एका तरी दाव्याचा मूळ अभ्यास काढून वाचण्याची सवय लावा. इंग्रजी शोधनिबंधाचा निदान सारांश आणि निकालाचा तक्ता वाचता येणे, हेसुद्धा आपल्या व्यवसायातले कौशल्यच आहे.

गुणांच्या यादीत न बसणारे एक शिक्षणही सुचवतो. जवळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, मग ते नांदेडचे असो, अंबाजोगाईचे असो की छत्रपती संभाजीनगरच्या घाटीचे, कान-नाक-घसा विभागप्रमुखांना विनंती करून बाह्यरुग्ण विभागात अधूनमधून एखादी सकाळ बसा. आपल्याकडे वाहणारे कान पुष्कळ आहेत आणि वाहत्या कानात घट्ट साचा बसवला की त्रास वाढतो. ओटोस्कोपमधून पडद्याचे छिद्र, कोलेस्टिएटोमाची (मध्यकर्णात वाढून हाड पोखरणाऱ्या त्वचेच्या गाठीची) पांढुरकी पापुद्री, बुरशी हे जाणत्याच्या शेजारी बसून पाहिल्याशिवाय डोळा तयार होत नाही. अचानक तीन दिवसांच्या आत ऐकू येईनासे झालेला रुग्ण, एकाच कानात वाढत गेलेला बहिरेपणा, चक्कर, वेदना, स्राव, यांपैकी काहीही दिसले तर यंत्राची गोष्ट बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवायचे असते. अचानक आलेल्या बहिरेपणात उपचाराचे सुरुवातीचे दिवस फार मोलाचे असतात आणि असा माणूस गावाकडून अनेकदा आधी "मशीन घ्यायला" म्हणून तुमच्याकडेच येतो.

प्रवासाचे म्हणाल तर दर वर्षी एक मोठा प्रत्यक्ष कार्यक्रम आणि बाकीचे ऑनलाइन, एवढे पुरे. वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था तुम्हाला देवगिरी एक्स्प्रेसच्या एका रात्रीवर आहे. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था लांब पडते, पण तिचे ऑनलाइन कार्यक्रम पाहत राहा. तारखा निवडताना पेरणी आणि सुगीचे दिवस धरा, त्या काळात खेड्यांतून रुग्ण तसेही कमी येतात. ऑनलाइन सत्राच्या वेळी केंद्राच्या दारावर पाटी लावा आणि वही घेऊन बसा. आणखी एक करता आले तर पाहा: जवळच्या जिल्ह्यांतील तीन-चार नोंदणीकृत सहकाऱ्यांनी महिन्यातून एका रविवारी जमायचे आणि प्रत्येकाने आपला एक फसलेला रुग्ण, म्हणजे त्याचा श्रवणालेख, मांडणी आणि तक्रार, सगळ्यांसमोर ठेवायचा. त्याला गुण मिळणार नाहीत. तरी एकटीने केंद्र चालवताना जे विचारायला कोणी नसते, ते तिथे विचारता येईल.

राहिला तुमचा सहायक. इथे मला थोडे कठोर बोलावे लागेल. तो कितीही कुशल असला तरी श्रवणचाचणी करणे, यंत्राची मांडणी ठरवणे आणि कानाचा ठसा घेण्यासाठी आत मापाचा मसाला भरणे ही कामे त्याच्याकडून करवून घेऊ नका. मापाच्या वेळी आत कापसाचा किंवा स्पंजचा अडसर नीट बसला नाही तर मसाला पडद्यापर्यंत जाऊ शकतो आणि पडद्याला छिद्र असेल तर मध्यकर्णातही. मग तो काढायला शस्त्रक्रिया करावी लागते. शिबिरात असे घडले तर जबाबदारी तुमची आणि यातना रुग्णाच्या असतील. यंत्राची साफसफाई, नळी बदलणे, सेलचा विद्युतदाब तपासणे, ओलावा काढणे, रुग्णाच्या घरच्यांना यंत्र घालायला-काढायला शिकवणे आणि मी वर सांगितलेले दूरध्वनी करणे ही कामे मात्र त्याला जरूर द्या, आणि ती तुम्ही स्वतः शेजारी बसून शिकवा. तो खरोखर हुशार असेल आणि बारावीला विज्ञान शाखेत असेल, तर परिषदेने मान्य केलेल्या पदविकेची चौकशी करा. श्रवण, भाषा व वाचा या विषयाची पदविका आहे, तसेच श्रवणयंत्र दुरुस्ती आणि साचे बनवण्याचीही स्वतंत्र पदविका आहे. हाताची कारागिरी असलेल्या मुलाला ही दुसरी विशेष मानवेल, आणि प्रवेशाची पात्रता व जागा त्या-त्या संस्थेकडून याच वर्षी विचारून घ्या. वर्षभर तो नसेल तर तुमची ओढाताण होईल, पण परतेल तेव्हा त्याचे नाव नोंदवहीत लागेल. तोपर्यंत जिंतूर आणि गंगाखेडच्या शिबिरांच्या तारखा तुम्ही स्वतः जाऊ शकाल तेव्हाच्याच ठरवा. आधी जाहीर झालेल्या एखाद्या तारखेला जमणार नसेल तर त्या दिवशी त्याच्याकडून फक्त नावनोंदणी आणि जुन्या यंत्रांची साफसफाई करून घ्या आणि नव्या रुग्णांना तुमच्या पुढच्या भेटीची तारीख लिहून द्यायला सांगा.